गाडीतलं घर, हंगामाचं काम आणि आईचा एक प्रश्न

कुणी बसमध्ये असेल, कुणी जिममध्ये असेल, कुणी रानात मोटर चालू करून बांधावर बसलं असेल, सगळ्यांचं स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हे आजच्या भागाचं शब्दांकन. बोलताना मी ‘म्हणजे’ फार वेळा म्हणतो, ते थोडं कमी केलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे गाडीत राहणं. गाडी हेच घर, आणि हंगाम बदलला की घर घेऊन दुसऱ्या गावाला कामाला जायचं. इन्स्टावर याला ‘व्हॅनलाइफ’ म्हणतात. तुम्ही रील्स बघितल्याच असतील. गाडीचं मागचं दार उघडं, समोर तळं, हातात कॉफीचा मग, मांडीवर लॅपटॉप.

मलापण तेच पाहिजे होतं. त्यासाठी मी कर्ज काढायला निघालो होतो. ते का काढलं नाही, हे सांगायला आज बसलोय.

सुरुवात कुठून झाली

मी सांगोल्याचा. म्हणजे तालुक्यातल्या एका वाडीचा. बी.टेक. केलं, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली, आणि 2020 साली लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन परत वाडीत आलो. नेटवर्कसाठी टाकीवर चढून मीटिंग करायचो. वर माणूस, खाली शेळ्या, आणि मॅनेजर विचारतोय की हा बॅकग्राउंडला आवाज कसला.

त्याच वर्षी 28 डिसेंबरला सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला किसान रेल्वे सुटली, देशातली शंभरावी. सगळीकडं बातमी होती. मी टाकीवर बसून विचार करत होतो की आपल्या तालुक्याचं डाळिंब पार हावड्याला निघालं, आणि आपण इथंच. काम तर लॅपटॉपवर आहे, मग माणूस एका जागी कशाला पाहिजे? तेव्हापासून रात्री-रात्री व्हिडिओ बघायला लागलो. कुणी जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये पलंग, ओटा, वर सोलर बसवलेला. 2021 मध्ये महाराष्ट्र सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा तर वाटलं की आता आपल्यासाठीच रस्ता मोकळा झाला.

पण हे सगळं फोनमध्ये. खरं गाडीतलं घर मी पहिल्यांदा बघितलं ते 2023 च्या सप्टेंबरमध्ये, अमेरिकेत.

मिनेसोटातले आजोबा

कंपनीनं तीन महिन्यांसाठी मिनियापोलिसला पाठवलं होतं. एका शनिवार-रविवारी आम्ही चौघं मित्र उत्तरेला कॅम्पिंगला गेलो, मिसिसिपी नदी जिथं उगम पावते त्या बाजूला. कॅम्पग्राउंड म्हणजे झाडीत आखून दिलेल्या जागा. कुणी तंबू लावतं, कुणी आपली आरव्ही आणून उभी करतं. आरव्ही म्हणजे आपल्या एसटीएवढी गाडी, आत स्वयंपाकघर, बेड, संडास-बाथरूम, सगळं.

गेटजवळच्या पहिल्या जागेवर एक जोडपं होतं. आजोबा साधारण सदुसष्टचे, आजी दोन-तीन वर्षांनी लहान. पाहुणे नव्हते ते, तिथं कामाला होते. आलेल्यांना जागा दाखवायची, सरपणाच्या मोळ्या विकायच्या, शेकोटीचे खड्डे साफ करायचे, संडास धुवायचे. त्या बदल्यात त्यांच्या आरव्हीला उभं राहायला जागा फुकट, वर तासाच्या हिशेबानं थोडे पैसे. तिकडं अशा लोकांना ‘वर्ककॅम्पर’ म्हणतात.

मी आजोबांना विचारलं, थंडी पडली की इथं कोण येणार? मग तुम्ही काय करता? ते म्हणाले, आता पुढच्या आठवड्यात बीटाला जाणार.

बीट म्हणजे आपण कोशिंबिरीत खातो ते लाल नाही. शुगर बीट, पांढरट, मोठ्या मुळ्यासारखं. अमेरिकेतली निम्म्याहून जास्त साखर उसापासून होत नाही, या बीटापासून होते. मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटा यांच्या मधून रेड नावाची नदी वाहते, तिच्या खोऱ्यात या बीटाचं मोठं पीक आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला काढणी सुरू होते, आणि जमीन गोठायच्या आत संपवावी लागते. बीट शेतातून ट्रकनं येतं आणि उघड्यावर त्याचे डोंगराएवढे ढीग रचतात. थंडीनं ते गोठून टिकतं आणि कारखाना महिनोन्‌महिने त्या ढिगातून गाळप करतो. हवा जास्त गरम झाली, पाऊस आला, तर काम थांबतं. म्हणून जे दोन-तीन आठवडे मिळतात त्यात दिवसरात्र काम. बारा-बारा तासांच्या पाळ्या. एवढी माणसं तिथं गावात नाहीत. मग देशभरातून आरव्हीवाले येतात, ढिगांवर काम करतात, आणि काम संपलं की खाली ॲरिझोनाच्या वाळवंटात उबेला जातात.

तुमच्यापैकी कुणी ‘नोमॅडलँड’ सिनेमा बघितला असेल. 2021 मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. तो ज्या पुस्तकावरून केलाय त्याची लेखिका जेसिका ब्रूडर स्वतः या बीटाच्या कामावर जाऊन राहिली होती. 2008 च्या मंदीनंतर घरं गेलेली, पेन्शन पुरत नाही अशी कितीतरी वयस्कर माणसं या रस्त्याला लागली, त्यांची ती गोष्ट आहे.

आणि मी तिथं शेकोटीपुढं बसून मनात म्हणतोय, साखरेचा हंगाम, बिऱ्हाड घेऊन कामाला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं, कारखाना. हे मला कुठंतरी माहीत आहे.

माझ्या तोंडून एकदम प्रश्न निघाला, ‘कामावर जायच्या आधी तुम्ही पैसे किती घेतलेत?’

आजोबांना कळेना. मी परत समजावलं, की हंगामाच्या आधी आगाऊ रक्कम. ते हसले. म्हणाले, कामाच्या आधी कोण पैसे देईल? आठवड्याचं काम झालं की आठवड्याचा पगार.

मग मी विचारलं, आणि तिथं पटलं नाही तर? मुकादम, म्हणजे सुपरवायझर, वाईट निघाला तर?

त्यांनी टेबलावरची गाडीची किल्ली उचलून दाखवली. बस.

आता इथं मी तुम्हाला चकचकीत चित्र दाखवणार नाही. आजीच्या आजारपणात त्यांचं घर विकलं गेलं होतं. पेन्शन येत होती, पण तिच्यात भाड्याचं घर परवडत नव्हतं. त्यांचा खांदा दुखत होता आणि ते बारा तासांच्या पाळीला निघाले होते. रीलमधली ती कॉफी तिथंही नव्हती. तरीपण ती किल्ली त्यांच्याच हातात होती.

आईचा प्रश्न

परत आलो तो हेच डोक्यात घेऊन. 2024 च्या दिवाळीला घरी गेलो तेव्हा एक्सेल शीट तयार होती. जुनी गाडी, आतलं काम, सोलर, इन्शुरन्स, सगळं धरून 15 लाख. फोनवर बँकेच्या ॲपमध्ये आधीच मंजूर झालेलं कर्ज दिसत होतं. बारा टक्के व्याज, पाच वर्षं, महिन्याला 33 हजारांच्या वर हप्ता. एक बटण दाबलं की पैसे खात्यात.

आई चुलीपुढं करंज्या तळत होती. मी फोनमध्ये व्हिडिओ दाखवला. बघ आई, हा पलंग, हा ओटा, हे पाणी. यातच राहायचं, यातच काम, आज इथं, उद्या तिथं.

आईनं सगळा व्हिडिओ बघितला. मग म्हणाली, ‘आरं, आमी अठरा वरसं त्येच केलं की. त्यातनं तुला भाईर काढला.’

मी म्हणलं, आई, ते वेगळं.

‘व्हय, येगळं. ह्याला काच हाय.’ मग झारा बाजूला ठेवून तिनं विचारलं, ‘पैसं कुणाचं?’

म्हणलं, बँकेचे.

‘म्हंजे आदी घ्यायचं, आन मग फेडत हिंडायचं. उचलच की रं ही.’

मला उत्तर देता येईना. करंजी खाल्ली आणि गप बसलो.

उचल म्हणजे काय

पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी थोडं थांबून सांगतो, कारण तुमच्या चहात साखर आहे पण हे शब्द तुमच्या कानावर नसतील.

माझे आई-आण्णा ऊसतोडीला जायचे. आमचा भाग माणदेशातला, पाऊस कमी. खरीप हाती लागलं तर लागलं. बीड, अहिल्यानगरकडनं लाखो माणसं ऊसतोडीला जातात हे बातम्यांत येतं, पण सांगोला, जत, मंगळवेढा, आटपाडी इथूनही जातात. दसरा-दिवाळी झाली की निघायचं आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत, तिकडंच. मार्च, कधी एप्रिल.

निघायच्या आधी, पावसाळ्यातच, मुकादम येतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. एकटा माणूस असेल तर ‘अर्धा कोयता’. मुकादम कोयत्यामागं एकरकमी पैसे देतो, ती उचल. त्या पैशात लग्न होतं, दवाखाना होतो, घराचं छप्पर होतं. मग हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. जेवढे टन तोडाल तेवढे पैसे त्यातून वळते होतात. आजारी पडून कामावर गेला नाही तर खाडा, तो वजा. हंगाम संपला आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. म्हणजे पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं जायचं. मध्येच सोडून यायचं म्हणलं तर येता येत नाही.

ऊसाची गंमत अशी आहे, की तो तोडला की लगेच गाळायला पाहिजे, नाहीतर वजन आणि साखर दोन्ही उतरतं. बीटासारखा ढीग लावून ठेवता येत नाही. म्हणून ऊस शेतात उभा ठेवतात आणि कारखान्याला रोज लागेल तेवढाच तोडतात. त्यामुळं तिकडं दोन-तीन आठवड्यांत संपणारं काम इकडं पाच-पाच महिने चालतं. एवढे दिवस माणूस धरून ठेवायचा, तर त्याला आधीच बांधून घेणं मुकादमाला आणि कारखान्याला सोयीचं. उचलीचं मूळ या हिशेबात आहे असं मला वाटतं.

दराचं सांगतो. जानेवारी 2024 मध्ये कामगार संघटना आणि साखर संघ यांच्यात नवा करार झाला, तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ. टनाला 273 रुपये होते ते 366 च्या आसपास गेले. एका जोडीनं दिवसात दोन टन तोडला तर साधारण 730 रुपये. दोघांचे मिळून. पहाटे चारला उठून, मोळ्या बांधून, डोक्यावरून वाहून, गाडी भरून.

आणि राहायचं कुठं? कोपीत. बांबूच्या कामट्या, वर पाचट नाहीतर ताडपत्री. आमच्याकडं बैल होते, म्हणून आई-आण्णा ‘गाडी सेंटर’ला. सांगोल्याहून कृष्णाकाठ गाठायला बैलगाडीनं चार दिवस लागायचे. गाडीत पीठ, भांडी, अंथरूण, एक-दोन कोंबड्या आणि मी. पाच वर्षांचा होईपर्यंत मी त्यांच्याबरोबर होतो. माझ्या डोक्यात त्या दिवसांचं एवढंच आहे: पाचटाचा धूर, बैलांच्या घुंगरांचा आवाज, आणि सकाळी जाग आली की शेजारी आई नाही. नंतर शाळेसाठी आज्जीजवळ वाडीत ठेवलं.

म्हणजे तुमचा हा होस्ट चार-पाच वर्षं व्हॅनलाइफच जगलाय, फक्त रील काढायला कुणी नव्हतं.

आई-आण्णांचा शेवटचा हंगाम 2013-14 चा. त्याच्या आधीची दोन वर्षं दुष्काळाची, तालुक्यात चारा छावण्या लागल्या होत्या. मी दहावी झालो होतो. त्या वर्षीची उचल कशासाठी घेतली माहिताय? माझ्या डिप्लोमाच्या फीसाठी. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. हे मला त्या करंज्या तळताना कळलं.

मेंढपाळांचं वेगळं

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे फिरून काम करणं वाईटच. तसं नाही. आमच्याच तालुक्यात याचं दुसरं उदाहरण आहे.

सांगोल्यात धनगर समाज मोठा आहे. आमच्या वाडीतली निम्मी घरं मेंढपाळांची. रान सुकलं की ते वाडा घेऊन निघतात. वाडा म्हणजे घर नव्हे, अख्खा तळ. माडग्याळी मेंढ्या, घोड्यावर संसार, कुत्री, कोकरं, पोरंबाळं. बागायती भागात शेतकरी त्यांना बोलावून घेतो, की माझ्या शेतात मेंढ्या बसवा. मेंढ्या रात्रभर शेतात बसल्या की लेंडीखत पडतं. त्या बदल्यात शेतकरी धान्य देतो नाहीतर रोख पैसे देतो.

बघा, मिनेसोटातला व्यवहार आणि हा व्यवहार एकच आहे. तू मला थांबायला जागा दे, मी तुझं काम करतो. आणि शेतकऱ्याशी पटलं नाही तर सकाळी वाडा हलवायचा. कुणाचं आगाऊ काही घेतलेलं नसतं.

त्यांचे हाल कमी आहेत असं मी म्हणत नाही. चराई घटलीय, रस्त्यावर गाड्या मेंढ्यांना उडवतात, चोऱ्या होतात, पोरांची शाळा बुडते. पण आमच्या शेजारचे मेंढपाळ तात्या आण्णांना नेहमी म्हणायचे, ‘तुज्यापरीस माजं बरं. माज्या मेंढरामागं मी, तुज्यामागं मुकादम.’

दोन दिवसांची कॅरॅव्हॅन

कर्जाचं बटण मी दाबलं नाही. पण हौस जाईना. म्हणून 2025 च्या जानेवारीत पुण्याहून दोन दिवसांसाठी भाड्यानं कॅरॅव्हॅन घेतली, चालकासकट. भाडं 22 हजार. आण्णा म्हणाले, एवढ्यात एक शेळी-बोकड आलं असतं. ते आले नाहीत, आई आली.

गाडी वाडीत शिरली तर माणसं गोळा झाली. एका आजीनं आधार कार्ड आणलं, तिला वाटलं फिरता दवाखाना आलाय.

आईनं आत शिरल्या-शिरल्या नळ सोडून बघितला. पाणी आलं. बंद केला, परत सोडला. ‘चाकावर नळ,’ एवढंच म्हणाली.

कुठं जायचं विचारलं तर मला वाटलं गाणगापूर म्हणेल. म्हणाली, ‘कृष्णाकडं चल. आमचा तळ असायचा तितं.’

सांगोल्यावरून रत्नागिरी-नागपूर महामार्गानं मिरजेकडं. जिथं चार दिवस लागायचे तिथं अडीच तासांत. आई खिडकीतून सांगत होती, इथं बैल बसला होता, इथं पाऊस लागला होता, इथं तू लय रडला होतास.

तळ सापडला. म्हणजे जागा तीच, माणसं दुसरी. वीस-पंचवीस कोप्या. दुपारची वेळ, बहुतेक माणसं फडात. दोन-तीन बाया, लहान पोरं आणि एक बारा-तेरा वर्षांची मुलगी, कडेवर भाऊ. आई खाली उतरली आणि पाच मिनिटांत त्यांच्यातलीच झाली. कुठलं गाव, मुकादम कसाय, वाढं विकायला मिळतं का, पाणी कुठनं आणता. पाणी शेतकऱ्याच्या बोअरवरून, तो मोटर लावेल तेव्हा. लाईट नाही. संडास नाही. बायांनी उजाडायच्या आत ऊसात जायचं, नाहीतर अंधार पडेपर्यंत थांबायचं.

आईनं त्यांना म्हणलं, गाडीत संडास हाय, जावा. चालकदादा कुरकुरले, मॅडम, खालची टाकी लहान असते, एवढ्या जणांसाठी नसते ती. आई म्हणाली, ‘भरू दे. मी धुती.’ चालकदादा गप झाले. त्यांना म्हणायला काही राहिलंच नाही.

ती मुलगी आत येऊन सगळं बघत होती. तिनं मला विचारलं, ‘दादा, तुमी ह्यात राहून कसलं काम करता?’

म्हणलं, काम नाही गं, फिरायला आलोय.

ती म्हणाली, ‘मग घर असून गाडीत कशापायी राहता?’

रात्री आम्ही गाडी तिथून थोडी पुढं, ढाब्याजवळ लावली. मऊ गादी, एसी. मला झोप लागली. आईला लागली नाही.

मग आता काय

मला हे बोलताना एक भीती वाटते, की तुम्ही ‘बिचारे’ म्हणून भाग बंद कराल. तसं नको. मी यातून दोन साध्या गोष्टी घेतल्या, त्या सांगतो.

पहिली. त्या कॅम्पग्राउंडवर आणि बीटाच्या कामावर मालक माणसाला बोलवताना सगळ्यात आधी काय कबूल करतो? उभं राहायची जागा, तिथं पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय. तिकडं याला ‘हुकअप’ म्हणतात. पगाराची बोलणी त्यानंतर. माणूस चाकावर राहतो म्हणजे त्याला पाणी-संडास लागत नाही असं ते धरत नाहीत. आपल्याकडं कारखान्याचा गाळप हंगाम कधी सुरू होणार हे आधीच ठरतं. कुठल्या गटात किती टोळ्या येणार हेही माहीत असतं. मग चार नळ, चार दिवे आणि बायांसाठी फिरते संडास, हे मशिनरीइतकंच हंगामाच्या तयारीत का धरलं जात नाही?

काहीच होत नाही असं नाही. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ झालंय. टनामागं 10 रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारनं द्यायचे असं ठरलंय. मुलांसाठी 2021 मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजना आली, 41 तालुक्यांत 82 वसतिगृहं. बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, तेव्हा 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली होती. तेव्हा शहरातल्या लोकांना पहिल्यांदा कळलं, की खाडा पडू नये म्हणून बाई कुठपर्यंत जाते. हे कागदावरचं तळापर्यंत पोचलं का, हे तळावर जाऊनच कळतं. तुमच्या गावात, तुमच्या उसाला टोळी आली असेल तर एक काम करा. मोटरीच्या वेळा त्यांना आधी सांगा आणि एक बल्ब ओढून द्या. याला जीआर लागत नाही.

दुसरी गोष्ट तुमच्या-माझ्यासाठी. नोकरी सोडून गाडीत राहायचं स्वप्न असेल तर जरूर बघा, वाईट काही नाही. पण गाडीचं मॉडेल बघायच्या आधी आईचा प्रश्न विचारा: पैसं कुणाचं? पाच वर्षांचा हप्ता डोक्यावर घेऊन निघालात, तर बॉस कितीही वाईट निघाला तरी किल्ली उचलता येणार नाही. डोंगरात नेटवर्क गेलं की पोटात गोळा येईल, कारण पाच तारखेला हप्ता आहे. आणि जाता-जाता सांगतो, कुठल्याही गॅरेजला सांगून गाडीत पलंग ठोकून घेऊ नका. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-124 नावाचं मानक आहे, आरटीओची परवानगी लागते. नाहीतर गाडी पकडली की स्वप्न पोलीस ठाण्यात उभं राहील.

माझी आणि आईची बरोबरी मी करत नाही, हेही स्पष्ट सांगतो. माझा हप्ता थकला तर माझा सिबिल स्कोअर पडेल. त्यांची उचल थकली असती तर बैल गेले असते. पण ‘आधी घ्यायचं, मग फेडत हिंडायचं’ हे आईनं दोन सेकंदांत ओळखलं, आणि मला बी.टेक. करून ओळखता आलं नाही.

मी आता दर महिन्याला 15 हजार बाजूला टाकतोय. आरडी काढलीय. पंधरा लाख नकोत, आठ लाखांत साधी जुनी गाडी बसेल असं दिसतंय, म्हणजे अजून चार वर्षं. तोपर्यंत कुणी विचारलं तर मी म्हणतो, आमचं बुकिंग झालंय, डिलिव्हरी उशिरा आहे.

आईला परवा फोनवर सांगितलं, की पैसे साठवून घेणार आहे. ती म्हणाली, ‘मग घे. तवा मी येती. पर हंगामाच्या दिसात न्हाई हां, डाळिंबाचा बार धरायचा असतोय.’

तर मंडळी, आजच्या भागात एवढंच. तुमच्या घरात कुणी ऊसतोडीला, मेंढरांमागं, वीटभट्टीवर, तमाशाच्या फडाबरोबर, असं बिऱ्हाड घेऊन हंगामाला गेलं असेल, तर आज रात्री जेवताना त्यांना विचारा, की तिकडं तुम्ही झोपायचात कुठं. मी अठ्ठावीस वर्षांत विचारलं नव्हतं. तुम्ही लवकर विचारा.

भेटू पुढच्या भागात. राम राम.